पडदे नसलेली पट्टी

साध्या बास गिटारमध्ये तार धातूच्या पडद्यावर टेकते, लाकूड खाली नुसतं बसून असतं. पडदे नसलेल्या फ्रेटलेसला ही चैन नाही. पडद्याचं काम लाकडालाच करावं लागतं आणि बोट सरकवलं की तार त्यावर कानशीसारखी फिरते. म्हणून ‘एबनीच हवं, काळंभोर दिसतं’ असं गिऱ्हाईक म्हणालं की मी आधी विचारतो, तारा कुठल्या लावणार? खरखरीत राउंडवाउंड असतील तर मऊ लाकडावर लवकर चरे पडतात. गुळगुळीत फ्लॅटवाउंडखाली शिसव आरामात टिकतं.

मला शिसवच आवडतं. एबनी जास्त कडक, स्वरही लख्ख. व्हायोलिनची पट्टी त्याचीच. पण आमच्या पनवेलच्या पावसाळ्यात ओल प्यायलेली एबनी पुढे एसी स्टुडिओत सुकली की टोकाशी भेगाळू शकते. शिसव त्या मानाने कमी हलतं. सूरही किंचित मवाळ येतो, मला तोच हवा असतो.

फळी घेताना रंग शेवटी. आधी कापलेलं टोक रंध्याने साफ करून ओलं करतो. वर्षवलयांच्या रेषा आडव्या न पसरता उभ्या दिसल्या की फळी बाजूला काढायची. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जास्त फुगतं, आरपार कमी. रेषा उभ्या असल्या की पट्टी रुंदीत कमी फुगते, पन्हाळीसारखी वाकत नाही.

इथल्या मातीला कठीण लाकूड नवं नाही. बैलगाडीची चाकं हा एकेकाळी पनवेलचा मुख्य धंदा, जुन्या गॅझेटियरात तशी नोंद आहे. ‘मग बाभूळ, खैर का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. बाभूळ चिवट, दणके सोसणारी. पण माझ्या हाती आलेल्या फळ्या वाळताना पीळ खात होत्या. खैर झीज सोसायला एक नंबर, रंध्याचं पातं बोथट करतो. फक्त ३४ इंची स्केलला लागणारी दोन फुटांची सरळ, बिनगाठीची फळी क्वचितच मिळते. म्हणून मी जुने मोडीत निघालेले शिसवी पलंग बघत असतो. ते लाकूड मुरलेलं असतं.

आणि फ्रेटलेस बासवादक जॅको पास्टोरियस? १९६२च्या फेंडर जॅझ बासवर त्याने शिसवाच्या जातीच्याच पट्टीला बोटीचं इपॉक्सी चढवलं होतं. त्याच्यासारखा आवाज हवा म्हणून एबनी मागणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो: थर जाड दिला की तार इपॉक्सीवर वाजणार, एबनीवर नाही. साधी शिसवी पट्टी घ्या, उरलेल्या पैशात चांगले पिकअप येतील.