तळ दिसणारं पाणी

जुलैमध्ये गुरुग्रामला तासभर जोराचा पाऊस झाला की माझा फोन वाजतो. दिल्ली-जयपूर हायवेवर पाण्यात अडकलेल्या गाड्या टीव्हीवर दिसल्या की आईचा प्रश्न ठरलेला, "पाणी आलंय का गं तुझ्याकडं?"

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. हे तिला पक्कं माहीत आहे. खोली घेतली तेव्हा तिने भाडं विचारलं नव्हतं, घरमालक कसा आहे ते विचारलं नव्हतं. "कितवा मजला?" एवढंच विचारलं होतं.

आम्ही सांगलीचे. कृष्णेला आमच्याकडे माई म्हणतात. २००५ला ती गावात शिरली, २०१९ला शिरली, २०२१ला पुन्हा. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात मी पुण्याला मैत्रिणीकडे होते. रस्ते बंद, घरचे फोन बंद. दोन दिवसांनी बाबांचा फोन लागला तेव्हा आई मागून म्हणाली, "निघालो बाई सुखरूप. तू जेवलीस का?"

बस्स. पुराबद्दल आई एवढंच बोलली. तिचं शिलाई मशीन चिखलाने भरलं, ते भंगारात गेलं, नवीन आलं. विषय संपला. मात्र त्यानंतर ती नदीच्या घाटावर कधी गेली नाही.

आणि गंमत बघा, तिची मुलगी पोटापाण्यासाठी काय करते? कंटेंट रायटिंग. गुरुग्रामच्या ऑफिसात बसून मी स्नॉर्केलिंगवर अकरा लेख लिहिलेत. 'स्फटिकासारखं निळं पाणी', 'पोहता येत नसलं तरी अगदी सोपं', 'एकदा तरी अनुभवायलाच हवं'. स्वतः मात्र कधी समुद्रात गुडघ्याच्या पुढे गेले नव्हते.

मागच्या डिसेंबरात सुट्ट्या शिल्लक होत्या. मी आईला म्हटलं, "आपण दोघी जाऊ. जंगलात जीप, मग समुद्र." ती म्हणाली, "मी काठावर बसून पिशव्या सांभाळीन." आमच्या घरच्या प्रत्येक सहलीत तिचं हेच काम. आमचे सगळ्यांचे ओले फोटो आहेत. आईचा एकही नाही.

निजामुद्दीनहून सुटणारी गोवा एक्सप्रेस मिरजेवरून जाते, हे मला फार आवडतं. मी दिल्लीत बसले, दुसऱ्या दिवशी रात्री मिरजेला आई चढली. हातात भडंगाची पिशवी, दशम्या आणि दोघींसाठी दोन घोंगडीएवढ्या जाड शाली. गोव्यात शाल कशाला, हे तिला विचारून उपयोग नसतो.

पहाटेच्या अंधारात गाडी कॅसलरॉकचा घाट उतरली आणि आम्ही कुळे स्टेशनला उतरलो. इथून दूधसागर धबधब्याकडे जीप जातात. आपली गाडी घेऊन जाता येत नाही, कारण वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते. तिथे ठरलेल्या स्थानिक जीपच चालतात, तेही पावसाळा संपल्यावर. एका जीपमध्ये सातजण. आमच्याबरोबर इंदूरचं एक पाचजणांचं कुटुंब होतं. जीपमध्ये बसण्याआधी प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळालं. आईने ते घातलं, बंद दोनदा ओढून पाहिले आणि मला हळूच म्हणाली, "धबधबा लांबून बघायचाय म्हणालीस ना?"

वाट म्हणजे नुसते दगड आणि लाल माती. जीप एका अंगाला कलायची, आमची डोकी एकमेकींवर आपटायची, मग दुसऱ्या अंगाला. झाडी इतकी दाट की सकाळचे नऊ वाजलेत हे खरं वाटेना. एका वळणावर ड्रायव्हरने ब्रेक लावून वर बोट दाखवलं. फांदीवर शेकरू. तपकिरी पाठ, झुबकेदार लांब शेपूट. "आपल्या महाराष्ट्राचं हे," आई इंदूरच्या मुलांना अभिमानाने म्हणाली. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि आम्ही गोव्यात आहोत, या दोन्ही गोष्टी तिच्या लेखी एकाच वेळी खऱ्या होत्या.

मग ओढा आला.

ड्रायव्हर थांबला नाही. पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा दाबून त्याने जीप पाण्यात घातली. मी नंतर त्याला विचारलं तेव्हा त्याने कारण सांगितलं. मध्येच पाय काढला तर सायलेन्सरमधून पाणी आत येतं आणि गाडी तिथेच बसते. म्हणून हळू जायचं, पण थांबायचं नाही. पाणी चाकांच्या वर आलं, आणि मग फटीतून जीपच्या तळावर पसरलं.

इंदूरची मुलं आनंदाने ओरडली. मी मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत होते. शेजारी पाहिलं तर आई खाली वाकलेली. ती पिशव्या उचलत होती. आमची, इंदूरवाल्यांची, कोणाची तरी चप्पल, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा. सगळं तिने दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतलं आणि छातीशी धरलं. डोळे घट्ट मिटलेले.

"आंटीजी, बस इतना ही पानी आएगा," समोरच्या बाई हसून म्हणाल्या. आई हसली नाही. मी व्हिडिओ बंद केला. जीप पलीकडे चढली तरी तिने पिशव्या खाली ठेवल्या नाहीत.

जीप थांबते तिथून थोडं दगडांवरून चालावं लागतं. आणि मग समोर एकदम तो उंच पांढरा पडदा. दूधसागर तीनशे मीटरहून उंच आहे आणि त्याच्या मधूनच रेल्वेचा पूल जातो. आम्ही पहाटे त्याच पुलावरून गेलो होतो. अंधारात फक्त गार वारा आणि आवाज आला होता. मी आईला पूल दाखवला तर ती म्हणाली, "म्हणजे आपण एवढ्या पाण्यावरून गेलो? बरं झालं झोपले होते."

मी डोहात उतरले. आई काठावरच्या खडकावर बसली, अर्थातच पिशव्यांसह. थोड्या वेळाने मी मागे पाहिलं तर तिने एक हात पाण्यात घातला होता. बोटं हलवत होती.

"काय गं?"

"खडे दिसतात खालचे," ती म्हणाली. आणि हात पुसून घेतला.

दुपारी मडगाव, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि रात्री गाडी करून मालवण. दिवसभर जीपने खिळखिळी केलेली हाडं घेऊन आम्ही सोलकढी-भात खाल्ला आणि आडव्या झालो.

सकाळी मालवणच्या धक्क्यावर होडी तयार होती. समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली महाराजांनी ज्याची पायाभरणी केली, तो किल्ला आणि त्याच्या आजूबाजूचा समुद्र. यातला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाण्याखाली खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळ दिसायला दगडासारखे, पण ते इवलेसे जीव असतात आणि त्यांची वाढ फार सावकाश होते. म्हणून होडीतल्या गाइड दादांनी सगळ्यांत आधी ताकीद दिली, की खाली पाय टेकवायचा नाही आणि काही तोडून आणायचं नाही.

मग त्यांनी चष्मा आणि नळी दिली. चष्म्यात नाक झाकलं जातं, म्हणून श्वास तोंडानेच घ्यायचा. नळीचं टोक दातांत धरायचं, दुसरं टोक पाण्याच्या वर. चष्म्याखाली केस अडकले तर पाणी आत येतं. मी मान डोलवत होते. हे सगळं मी अकरा वेळा लिहिलं होतं.

पाण्यात उतरले, तोंड खाली घातलं आणि पहिल्याच क्षणी नाकाने श्वास घ्यायला गेले. चष्मा चेहऱ्याला चिकटला. घाबरून तोंड उघडलं, खारट पाणी घशात गेलं, नळी सुटली, हात-पाय कुठेतरी. लाइफ जॅकेट होतं, रबरी रिंग होती, दादा हातभर अंतरावर होते. तरी मला खात्री होती की मी मरतेय. त्यांनी मला ओढून होडीच्या शिडीला लावलं. मी खोकत होते, रडत होते. 'अगदी सोपं' असं कोणी लिहिलं होतं, मला तिला भेटायचं होतं.

वर पाहिलं तर आई होडीत उभी. आज ती माझी ट्रॅक पँट आणि टी-शर्ट घालून आली होती, कारण साडी ओली झाली तर वाळणार नाही म्हणून. ती मला काही बोलली नाही. दादांना म्हणाली, "मला उतरवा."

"काकी, पोवूक येता?"

"नाही."

"मग माझो हात सोडू नकात."

ती शिडीवरून एकेक पायरी उतरली. प्रत्येक पायरीवर आधी पाय फिरवून बघायची, मग वजन टाकायची. पाण्यात आल्यावर तिने रिंग धरली आणि पहिल्यांदा तोंड खाली घातलं. तीन सेकंद. वर. पुन्हा खाली. पाच सेकंद. वर. मग ती खाली गेली ती वर येईना. मी शिडीला लटकून बघत होते. नळी मात्र शांतपणे वर-खाली होत होती, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

मग मीही पुन्हा उतरले. आईचा दुसरा हात धरला. खाली खडक होते, त्यावर हिरवट-तपकिरी प्रवाळ, आणि काळ्या पट्ट्यांच्या पिवळसर माशांचा एक थवा, आम्ही तिथे नाहीच अशा थाटात फिरणारा. माझ्या लेखांतलं निळं पाणी हे नव्हतं. रंग हिरवट होता आणि थोड्या अंतरापलीकडे सगळं धूसर होत होतं. पण आमच्या खालचा तळ दिसत होता. वाळूवर उन्हाच्या रेघा हलत होत्या.

किनाऱ्यावर आल्यावर आम्ही चहा घेतला. आई शाल पांघरून बसली होती. होय, ती शाल कामाला आलीच. आणि मग, मी काहीही न विचारता, ती बोलायला लागली.

"त्या दिवशी बोट दारापर्यंत येईना. गल्लीच्या तोंडाशी थांबलेली. तिथपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून जायचं होतं. आपल्या तीन पायऱ्या गं. रोज झाडलेल्या, रोज रांगोळी काढलेल्या. त्या पायाला सापडेनात. पाणी नुसता गढूळ चहा. उंबरा कुठं संपला तेच कळंना. मधली पायरी चुकली आणि मी गेले खाली. नाकातोंडात पाणी. तुझ्या बाबांनी दंडाला धरून ओढलं."

मी सहा वर्षांत हे ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर विचारलंच नव्हतं. 'निघालो सुखरूप' यावर मी समाधान मानलं होतं, कारण मी पुण्यात होते आणि पुढचं ऐकायची मला भीती वाटत होती.

"सांगितलं का नाहीस?"

"तू लांब होतीस. ऐकून काय करणार होतीस?" तिने चहाचा घोट घेतला. समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं स्वच्छ असतं ना, तर उंबरा दिसला असता."

जीपमध्ये तिने सगळ्यांच्या पिशव्या का उचलल्या, शिडीवर पायाने चाचपत का उतरली, ते मला तेव्हा कळलं. पाणी आलं की आधी सामान वर आणि मग पाऊल जपून, हे तिच्या अंगात बसलंय.

तुम्हीही आई-बाबांना असं घेऊन जाणार असाल तर मला जे उशिरा कळलं ते सांगते. श्वासाचा, हृदयाचा किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लाइफ जॅकेट स्वतःच्या हाताने घट्ट करा. पहिल्यांदा चष्मा-नळी घालून होडीतच पाच मिनिटं तोंडाने श्वास घ्यायचा सराव करा. मी तो केला नव्हता. आणि 'चल, काही होत नाही' असं म्हणून कोणालाही ढकलू नका. ज्याला उतरायचंय तो आपल्या वेळेला उतरतो. संध्याकाळी चहा प्यायला मात्र निवांत बसा.

आईची भीती गेली, असं मी म्हणणार नाही. सांगलीत परतल्यावरही ती घाटावर गेलेली नाही. पण आमच्याकडे आता तिचा एक ओला फोटो आहे. माझी ट्रॅक पँट, विस्कटलेले केस, कपाळावर चष्म्याचा लाल गोल वळ. बाबांनी तो फ्रेम करून तिच्या शिलाई मशीनच्या वर लावलाय. जमिनीपासून चांगला सहा फूट उंच. जागा आईनेच ठरवली.

आणि मी माझ्या अकरा लेखांपैकी जे अजून बदलता येत होते त्यांत एक वाक्य बदललं. 'अगदी सोपं' काढून टाकलं. तिथे लिहिलं, 'सुरुवातीला भीती वाटेल. कोणाचा तरी हात धरा.'