आमच्या अंगणातली मर्सिडीज

मैत्रिणींनो, रविवारी सकाळी तुमच्या घरी काय चालते? कुणाकडे पोहे, कुणाकडे न्हाणे-धुणे, कुणाकडे उशिरापर्यंत झोप. आमच्याकडे अंगणात जुने धोतर अंथरले जाते, त्यावर लहानमोठे पाने ओळीने मांडले जातात आणि आमचे हे मोटारीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत नाहीसे होतात. चहाला हाक मारावी तर आतून नुसता हुंकार येतो.

मोटार मर्सिडीज आहे. वाशीममध्ये हे सांगायचीही चोरी! ऐकणारी आधी माझ्या हातातल्या बांगड्या बघते आणि मग आमच्या घरावरचे पत्रे. म्हणून मी लगेच पुढचे सांगून टाकते, की बाई गं, गाडी १९९६ सालची आहे, डिझेलवर चालते आणि दोन नव्या स्कूटरच्या किमतीत आली आहे.

१९९५ मध्ये पिंपरीला, टेल्कोच्या कारखान्यात, मर्सिडीजच्या मोटारी जुळवायला सुरुवात झाली. आमची त्याच सुरुवातीच्या गाड्यांतली. त्या वेळी अशा गाडीत मागच्या सीटवर बसायला माणसाजवळ कारखाना तरी हवा होता. पण मोटारीचेही म्हातारपण असतेच. मालक नवी घेतो, ड्रायव्हर जुनीला कंटाळतो, मग ती कुणाच्या तरी शेडमध्ये धूळ खात पडते. अशीच पुण्यात पडलेली ही ह्यांनी २०२१ च्या दिवाळीत एक लाख सत्तर हजारांना आणली. ह्यांचे कृषी केंद्र आहे. बी-बियाणे, खते विकतात. यंत्रांचे वेड मात्र लहानपणापासूनचे. फवारणीचा पंप दुरुस्त करता करता माणूस मर्सिडीजपर्यंत कसा पोचला, ते मला अजून उमगलेले नाही.

आता खरी गोष्ट सांगते. त्या एक लाख सत्तर हजारांतले साठ हजार माझ्या बी.एड.चे होते.

मी बी.ए. आहे. एका शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. जितके तास तितके पैसे, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की पैशांनाही सुट्टी. बी.एड. नाही, म्हणून पुढे सरकायला वाट नाही. घरी शिकवण्या घेऊन तीन वर्षांत मी ते साठ हजार साठवले होते. हे म्हणाले, "अगं, अशी गाडी पुन्हा मिळायची नाही. तुझी फी पुढच्या वर्षी नक्की भरू." घरातले पुढचे वर्ष कसे असते ते तुम्हाला मी काय सांगावे! त्या पुढच्या वर्षी पावसाने सोयाबीन झोपवले, दुकानाची उधारी थकली आणि माझा अर्ज कपाटातच राहिला.

गाडी आली त्या दिवशी सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवले, बॉनेटवर स्वस्तिक काढले. मीही रीत म्हणून ओवाळले. पण महिनाभर आत बसले नाही. ह्यांनी मला खूश करायला म्हणून माहिती पुरवली, की मर्सिडीज हे मुळात एका मुलीचे नाव. एमिल येलिनेक नावाच्या धनिकाने १९०१ च्या सुमारास आपल्या लेकीचे नाव गाडीला द्यायला लावले. मी म्हटले, "छान. नाव लेकीचे आणि पैसे सुनेचे!" ह्यावर हे काही बोलले नाहीत.

मग मी त्या गाडीजवळ गेले कशी? आवाजाने.

थंडीतली सकाळ होती. मी ओट्यापाशी कणीक मळत होते आणि बाहेर गाडी सुरू झाली. आधी जरा खोकली, मग खट-खट-खट असा तो जडसा ठेका धरला. माझा हात कणकेतच थांबला. हा आवाज मी ओळखत होते. माझ्या वडिलांची ट्रॅक्स अगदी अशीच बोलायची.

वडिलांची काळी-पिवळी होती, मालेगाव ते रिसोड. आपल्याकडच्या वाचकिणींना काळी-पिवळी सांगायला नको; आत दहा, मागे लटकलेले चार आणि टपावर कोंबड्यांची डाली. वडील मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "पोरी, आपल्या गाडीचं इंजन मर्सिडीजचं हाये." आम्हा भावंडांना ही ड्रायव्हर लोकांची बढाई वाटायची. गेल्या काही वर्षांत, ह्यांची पुस्तके चाळताना कळले, की वडील खरेच बोलत होते! बजाज टेम्पो कंपनीने ऐंशीच्या दशकात जर्मनीच्या डाइमलर-बेंझकडून 'ओएम ६१६' नावाच्या इंजिनाचा परवाना घेतला आणि ते इथे बनवून आपल्या गाड्यांत बसवले. हेच २.४ लिटरचे, चार सिलिंडरचे इंजिन तिकडे मर्सिडीज २४० डी मोटारीत होते. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने आपली १९७६ ची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये कंपनीने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. तिकडे काचेआड गेलेल्या गाडीचे इंजिन इकडे रिसोडच्या रस्त्यावर कोंबड्या वाहत होते, आणि माझ्या वडिलांना ते माहीत होते. आम्ही हसत होतो.

आमच्या अंगणातल्या गाडीचे इंजिन त्याच घराण्यातले, पण पुढच्या पिढीचे; पाच सिलिंडरचे, अडीच लिटरचे.

डिझेलची गंमत अशी, की त्यात ठिणगी नसते. सायकलला पंपाने हवा भरताना पंप खालून गरम होतो ना? तसेच. इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की ती तापून लाल होण्याच्या बेताला येते. त्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटते. थंडीत एकदम तेवढी गरमी मिळत नाही, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एकेक छोटा हीटर असतो. चावी अर्धी फिरवून, तो पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे आणि मग सेल मारायचा. घाई करणाऱ्या माणसाचे हे काम नव्हे. आमच्या घरात घाई कोण करते, ते सांगत नाही.

तर, दुसऱ्या हिवाळ्यात गाडी सकाळी सुरूच होईना. सेल मारून मारून बॅटरी बसायची. एकदा सुरू झाली की दिवसभर ठणठणीत, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. ह्यांनी पाचही हीटर बदलले. सामान पुण्याहून नाना पेठेतून मागवले. खर्च साडेसात हजार. गाडी तशीच. मग आमचे मिस्त्रीकाका आले. आयुष्य ट्रॅक्स आणि ट्रकवर गेलेले, साठीचे गृहस्थ. त्यांनी कान लावून ऐकले आणि म्हणाले, "पंप उतरवा लागते. अकोल्याले नेऊन खोलू." पंप म्हणजे डिझेलचा फवारा मारणारा मुख्य भाग. उतरवणे, खोलणे, पुन्हा बसवणे, सगळे धरून अठरा ते वीस हजार. हे गंभीर चेहऱ्याने हो म्हणाले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, आणि खरे सांगते, माझ्या डोळ्यांसमोर बी.एड.चा अर्ज आला.

ट्रे ठेवायला मी बॉनेटपाशी वाकले. टाकीकडून येणाऱ्या नळीवर एक छोटी पारदर्शक गाळणी आहे, बोटाएवढी. ह्यांनी सेल मारला तेव्हा त्या गाळणीतून डिझेलबरोबर बारीक बुडबुडे पळताना दिसले. सोडा वॉटरसारखे.

मी म्हटले, "काका, ही एअर घेते आहे."

दोघांनीही माझ्याकडे असे पाहिले, की जणू ट्रेनेच बोलायला सुरुवात केली! हे म्हणाले, "अगं, तुला काय त्यातलं?" मला राग आला. मी सांगितले, की माझ्या वडिलांची ट्रॅक्स दर पावसाळ्यात एअर घ्यायची. मी सातवीत असताना फिल्टरचा स्क्रू ढिला करून, हातपंप दाबून एअर काढलेली आहे. आणि रात्रभर नळीतले डिझेल टाकीकडे परत गेले, की सकाळी इंजिनाला नुसती हवा ओढावी लागते, तेव्हा हीटर बदलून काय होणार? मिस्त्रीकाकांनी चष्मा पुसला, वाकून गाळणीकडे पाहिले. दुसरा सेल मारायला लावला. मग हळूच म्हणाले, "वहिनी बरोबर म्हणून राह्यल्या, साहेब."

फिल्टरजवळची रबरी नळी उन्हाने कडक होऊन चिरली होती. तीस वर्षे होत आलेल्या रबराचे दुसरे काय होणार? नवी नळी आणि दोन क्लिपा, एकूण एकशे चाळीस रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्या सेलला सुरू झाली. सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या, त्या म्हणाल्या, "बघ, उठली की नाही!" जणू आजारी माणूसच.

त्या रात्री मी एक दोनशे पानी वही काढली. एका बाजूला गाडीचा खर्च, तारखेनुसार. दुसऱ्या बाजूला एकच रकाना: 'वाचलेले'. त्यात पहिली नोंद केली, अठरा हजार रुपये, आणि ह्यांच्यापुढे ठेवली. म्हटले, "हे पंपाला दिले असते ना? मग ते माझे." हे बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकदम नाही जमणार. दरमहा देतो." मी म्हटले, "चालेल, पण सही करा." सही आहे वहीत. आमच्या लग्नाला बारा वर्षे झाली तेव्हाची.

ह्यांच्या पुस्तकांत मला आणखी एक बाई भेटली. बर्था बेंझ. हिने लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे कार्ल बेंझच्या धंद्यात घातले. मोटार तयार झाली, पण ती विकत घ्यायला कुणी येईना आणि नवरा तर धीर सोडून बसलेला. १९८८ नव्हे बरे का, १८८८! ऑगस्ट महिन्यात एका पहाटे ही बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे माहेरी, मोटारीने निघाली. शंभरावर किलोमीटर. त्या गाडीला डिझेल नव्हे, पेट्रोलसारखे एक द्रावण लागायचे. ते तिने वाटेत औषधाच्या दुकानातून घेतले. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. आणि पेटंट? ते नवऱ्याच्या नावावर. मी हे वाचून ह्यांना दाखवले. हे म्हणाले, "बाई जबरदस्त होती." मी म्हटले, "हो. आणि वही ठेवत नव्हती, ही तिची चूक."

आता रविवारी मीही धोतरावर बसते. तेल बदलणे माझ्याकडे. आमच्या पाच माणसांना महिन्याला गोडेतेल पाच लिटर पुरते, आणि ह्या जर्मन बाईला एका वेळेला सात! काळे तेल काढताना हात आणि कपडे कसे वाचवावेत हे विचारणाऱ्या मैत्रिणी आहेत (त्यांच्या घरी मोटारसायकली आहेत), त्यांच्यासाठी सांगते. कामाआधी नखांत साबण ओरबाडून भरावा, म्हणजे काळे आत बसत नाही. काम झाल्यावर पाणी न लावता आधी खोबरेल चोळावे, मग चमचाभर साखर आणि भांड्याचा साबण. कपडे घरच्या धुण्यात मुळीच मिसळू नयेत. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात वेगळे भिजवावेत. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, पेट घेतात. आणि डिझेलचा कॅन धान्याच्या खोलीत तर कधीच नको. आमच्या अर्ध्या पोते तांदळाला महिनाभर गॅरेजचा वास होता आणि सासूबाईंनी त्याचे खापर माझ्यावरच फोडले. तेही वहीत लिहिले आहे, खर्चाच्या बाजूला.

ह्या बाजूला आता आणखी एक मोठी नोंद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नोंदणीचे नूतनीकरण दहा हजार रुपये झाले, पर्यावरण कर वेगळा. आमच्या गाडीची मुदत २०२६ ची. ह्यांनी भीतभीत विचारले, "काढून टाकायची का?" मला वाटले होते, हे विचारतील त्या दिवशी मी आनंदाने हो म्हणेन. तोंडातून निघाले, "माझी फी आधी, पासिंग नंतर." हे म्हणाले, "ते तर ठरलंच आहे," आणि कपाटातून पाकीट आणून दिले. मोजले. वहीतल्या आकड्याला चारशे कमी होते; ते मी सोडले नाहीत.

बी.एड.च्या सीईटीचा अर्ज भरला आहे. केंद्र अकोल्याचे. हे म्हणाले, "पहाटेच्या एसटीने जाशील की मी सोडू?" मी म्हटले, "सोडा. पण आदल्या रविवारी फिल्टर बदलायचा, आणि ती नळी मी स्वतः बघणार."