वरचे तीन रुपये

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला पैशातले कळते, असा एक समज आहे. आमच्या सासऱ्यांनी या समजावर भरवसा ठेवून मला मुलगी दिली. खरी गोष्ट अशी, की बँकेत बसून दुसऱ्यांच्या पैशातले कळते. स्वतःचा खिसा उघडायची वेळ आली की मीही इतरांसारखा गिऱ्हाईकच असतो.

2021 साली पेट्रोल शंभरीच्या वर गेले, तेव्हाची गोष्ट. पंपावरच्या पोराने नळी हातात धरून विचारले, "साहेब, साधं टाकू का प्रीमियम?" माझ्या मागे नेमका आमच्याच शाखेचा कॅशियर उभा. 'साधं' हा शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच अडकला. लिटरमागे तीन रुपये जादा देऊन मी माझ्या सात वर्षांच्या स्कूटरला पंक्तीत श्रीखंड वाढले.

घरी येताना स्कूटर निराळीच धावते आहे असे वाटले. चढावर तर ती अक्षरशः लाडात आली. मी लगेच एक वही घातली. कॉमर्सच्या पदवीधराला दुसरे काय सुचणार? साध्या पेट्रोलचा आधीचा हिशेब होता लिटरला 46 किलोमीटर. नव्या पेट्रोलवर महिनाभरात आकडा आला 49. ती वही मी शेजारपाजारच्या चार घरी दाखवून आलो. हीसुद्धा म्हणाली, "बघा, कधी नव्हे ते तुमचं बरोबर आलं!"

मग ती वही मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना दाखवली, आणि तिथे पंचाईत झाली. त्यांनी आकडे वाचलेच नाहीत. नुसते विचारले, "साहेब, टायरमध्ये हवा कधी भरली?" मला आठवले, त्याच आठवड्यात भरली होती. "आणि हल्ली सिग्नल सुटला की पिळता का पूर्वीसारखी?" छे! महागाचे पेट्रोल जाळायला जीव होत नाही, म्हणून महिनाभर मी स्कूटर वरातीत घोडी चालवावी तशी चालवत होतो.

मिस्त्री हसले आणि त्यांनी मला ऑक्टेन समजावून दिले. ते मी माझ्या भाषेत सांगतो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, सहनशक्ती. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते आणि मग ठिणगी पडते. दाब फार झाला की कमी ऑक्टेनचे पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आपणच पेटते आणि इंजिन खडखडते. आमच्या काउंटरवर तसेच असते. पेन्शनच्या दिवशी गर्दीत काही जण टोकन पुकारायच्या आधीच भडकतात, काही जण शांत बसून राहतात. पण शांत बसला म्हणून कुणाला व्याज जास्त मिळते का? जादा दाबाच्या इंजिनाला ते शांत पेट्रोल लागतेच, आणि ज्या गाडीच्या पुस्तिकेत तसे लिहिले असेल तिने ते जरूर प्यावे. माझ्या स्कूटरच्या पुस्तिकेत 91 लिहिले होते आणि त्या वेळचे साधे पेट्रोल 91चेच होते. म्हणजे मी रिकाम्या बँकेत रांगेला शिस्त लावण्यासाठी पगारी पहारेकरी ठेवला होता.

पुढचा महिना साधे पेट्रोल घातले, पण हवा भरून आणि वरातीच्याच चालीने. आकडा आला 49. ती वही मी कुणाला दाखवली नाही.

आता इतके शिकलेला माणूस शहाणा व्हायला हवा होता. पण 2022 साली बाबांचे सहस्रचंद्रदर्शन ठरले आणि मी एक जुना डिजिटल कॅमेरा विकत घेतला. दुकानदाराने विचारले, "नुसता कॅमेरा नेणार?" त्या 'नुसता'मध्ये तोच पंपावरचा 'साधं' होता. मी एक अतिवेगवान कार्ड घेतले आणि भिंगावर बसवायची एक काच, 'युव्ही फिल्टर'. कार्डाच्या वेगाने फोटो लवकर साठतो, तो चांगला येत नाही, हे पुढे कळले. लेजर भरभर लिहिले म्हणून खात्यातली शिल्लक वाढत नसते. त्या काचेचा उपयोग होता फिल्मच्या जमान्यात, कारण फिल्मला अतिनील किरणांची बाधा व्हायची. डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात ती किरणे अडवण्याची सोय आधीच केलेली असते. वरची काच भिंगाला ओरखड्यापासून वाचवते, एवढेच तिचे पुण्य.

आणि तिचे पाप आमच्या घरी उघडे पडले. 81 दिव्यांचे तबक घेऊन आत्याने बाबांना ओवाळले. शहाऐंशी वर्षांची बहीण, एक्याऐंशीतला भाऊ. मी धडाधड फोटो काढले. रात्री पाहतो तो प्रत्येक फोटोत दिवे दुप्पट! भिंगाकडून मागे फिरलेला उजेड त्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत गेला होता आणि खऱ्या दिव्यांची हिरवी भुते बाबांच्या कपाळावर आणि आत्याच्या चेहऱ्यावर नाचत होती.

बाबांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिले. म्हणाले, "हजार चंद्र पाहिले की हा सोहळा करतात. माझे काही राहिले असतील ते तू आज एकदम दाखवलेस."

दुसऱ्या दिवशी मी काच काढून ठेवली. आईने कुरकुरत पुन्हा रेशमी लुगडे नेसले, बाबांनी टोपी घातली आणि एका निरांजनावर ओवाळणे झाले. तो फोटो सुरेख आला, भिंतीवर आहे. आत्या मात्र सकाळच्या गाडीने निघून गेली होती. पुढच्या वर्षी ती गेलीच. भावाला ओवाळतानाचे तिचे फोटो आहेत तेवढेच. त्यात तिच्या डोळ्यांवर दोन हिरवे दिवे आहेत, साडेतीनशे रुपये देऊन मीच लावलेले.

हल्ली पंपावर मी मागे कोण उभे आहे ते न बघता खणखणीत आवाजात "साधं" म्हणतो. पुढे जाऊन टायरमध्ये हवा मात्र न चुकता भरतो. ती फुकट असते, म्हणून "साहेब, टाकू का?" असे तिच्याबद्दल कधी कुणी विचारत नाही.