दाराचे माप

१८१८ मध्ये पेशवाई संपली, तरी पुण्याच्या पेठांतील वाडे पुढेही बराच काळ त्याच वळणाने बांधले जात होते. आतल्या खोल्यांची दारे बुटकी व अरुंद असत. काही वाड्यांत भिंतीच्या जाडीतूनच माडीचा जिना चढे. मोठ्या वस्तूला आत यायचे, तर सुटे होऊन यावे लागे. पलंगाचे खूर आणि गाते वेगवेगळे जात. झोपाळ्याची फळी तिरपी होऊन शिरे, कड्या मागून येत. शिसवी कपाट मात्र सुतार माडीवरच घडवी. आत गेलेल्या फळ्या कपाट होऊन आतच राहत.

अशा एका कपाटापाशी वाटणीच्या वेळी दोन भाऊ थबकले. ते धाकट्याच्या वाट्याला आले होते, आणि त्याचे बिऱ्हाड गावाबाहेरच्या वसाहतीत हलणार होते. सुताराने सांधे चाचपले. सरस लाकडात मुरला होता. कपाट चिरावे लागेल, नाही तर दाराची चौकट काढावी लागेल, असे तो म्हणाला. थोरला चौकट काढायला तयार झाला. आईने दोघांनाही थांबवले. कपाट जागीच राहिले, किल्ली धाकट्याकडे गेली. दर गणपतीला तो येई, कपाट उघडी आणि दोन दिवस राही. जे वाटणीपत्राला सुचले नव्हते, ते त्या अरुंद दाराने साधले.