मुरलेलं पाणी

फील्डचा काळ संपवून मी २०२३ च्या उन्हाळ्यात बंगळुरूला हजर झालो. पीस स्टेशन, हलसूर तलावापासून जवळच क्वार्टर. अडीच वर्षांनी आम्ही तिघं एका छपराखाली आलो होतो. लेक तेव्हा आठ वर्षांची. माझ्याशी बोलायची, पण घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी. काही हवं असलं की आईच्या कानात सांगायची.

त्यामुळे एके दिवशी तिने थेट मलाच विचारलं, "पप्पा, आपण फिशटँक आणायचा?" तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. रविवारी दोघं शिवाजीनगरला गेलो. दोन फुटी टँक, म्हणजे साधारण ६०-७० लिटर पाणी, फिल्टर, निळी-लाल खडी, आठ गप्पी आणि सहा निऑन टेट्रा घेतले. दुकानदार म्हणाला, "तळ साफ ठेवायला दोन कॅटफिश घेऊन जा." घेतले. आमच्या पार्टीत सफाईवाले हवेतच, एवढाच मी विचार केला.

आमच्या साताऱ्याकडे कॅटफिश म्हणजे नदीतला शिंगाळा. मिशा लांब, काटा लागला तर हात ठणकतो. हे दोघे मात्र बोटाच्या दोन पेरांएवढे, राखी अंगावर काळपट ठिपके आणि तोंडाशी मिशांच्या छोट्या जोड्या. नाव कोरीडोरस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ शिरस्त्राण आणि कातडी. अंगावर खवले नाहीत, दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, जणू बुलेटप्रूफ जॅकेटच. ही ठिपकेवाली जात दक्षिण अमेरिकेतल्या ला प्लाटा नदीच्या खोऱ्यातली. बीगल जहाजावरून डार्विनने जे मासे गोळा केले, त्यांत ही होती आणि १८४२ साली तिचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं. हे सगळं मी नंतर वाचलं. आणायच्या आधी वाचलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

दोघे दिवसभर फिल्टरमागे दडून बसायचे. लेक काचेला नाक लावून त्यांना शोधायची. मी म्हणायचो, "कामचुकार आहेत दोघं." दिवाळीच्या आधी घराची साफसफाई निघाली. टँकच्या काचेवर हिरवट थर, स्पंज तपकिरी. माझ्यातला फौजी जागा झाला. सीओ साहेबांच्या इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी बॅरक धुतात तसा मी टँक धुतला. सगळं पाणी ओतून दिलं, खडी घासली, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. टँक आरशासारखा चमकत होता. मी सौ.ला बोलावून दाखवला.

दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. चौथ्या दिवशी दोन्ही कॅटफिश आणि पाच टेट्रा गेले. लेक रडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही सगळंच धुऊन टाकलंत." आणि पुन्हा आईच्या कानात बोलायला लागली.

आमच्या ब्लॉकमध्ये एक तमिळ हवालदार होता, त्याच्याकडे चार फुटी टँक. त्याने माझी हकिगत ऐकली आणि म्हणाला, "साब, मछली को चमकता पानी नहीं, पुराना पानी चाहिए."

मग त्याने नीट समजावलं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. स्पंजवर आणि खडीवर जे जिवाणू वसतात, ते आधी त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात. ही जिवाणूंची पलटण उभी राहायला महिना-दीड महिना लागतो. मी तिला एका दुपारी क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊन काढलं होतं. मी ज्याला घाण समजत होतो, त्यावरच टँक जगत होता. लोणचं मुरावं तसं पाणीही मुरावं लागतं.

त्याने स्वतःच्या फिल्टरमधला मळका स्पंज पिशवीत घालून दिला. फौजेत असं उसनं मनुष्यबळ मिळतंच. रंगीत खडी काढून बारीक, गोल दाण्याची वाळू घातली. कोरीडोरस मिशांनी वाळू उकरत खाणं शोधतात. टोकदार खडीवर त्या मिशा झिजतात. आणि या वेळी सहा आणले, कारण ही थव्यात राहणारी जात आहे. दोनच असले की घाबरून दडतात. एका जवानाला अनोळखी ठाण्यावर एकटं टाकून तो रमत का नाही म्हणायचं, तसंच ते.

आणखी एक गोष्ट कळली. ते सफाईवाले नाहीतच. विष्ठा खात नाहीत, वरून उरलेल्या चुऱ्यावर त्यांचं पोट भरत नाही. त्यांना तळाला जाणाऱ्या गोळ्या वेगळ्या द्याव्या लागतात. आम्ही त्यांना कामाला आणलं आणि रेशन मात्र मोजलंच नाही.

रोज रात्री दिवा मालवण्याआधी गोळी टाकायचं काम लेकीचं. सहाही जण मिशा रोवत एका ओळीत यायचे. मधूनच एखादा सुळकन वर जाऊन हवेचा घोट घेई आणि खाली परते. लेक घाबरली, "मरतोय का?" मी वाचलेलं सांगितलं, की हे मासे गिळलेल्या हवेतला प्राणवायू आतड्यातून घेतात. कधी ते डोळा फिरवतात, तेव्हा डोळा मारल्यासारखं दिसतं. त्यावर ती खूप हसली. ती दहा मिनिटं आमची दोघांची झाली. शाळेतलं, मैत्रिणींचं, सगळं तेव्हाच निघायचं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आल्या आल्या घरातही मी तेच केलं होतं. उठायची वेळ बदलली, कपाटं नव्याने लावली, मायलेकींनी अडीच वर्षांत बसवलेली घडी दोन आठवड्यांत "सुधारली". पाणी चमकत होतं, पण श्वास कोंडत होता.

२०२४ चा मार्च आला तो पाणीटंचाई घेऊन. या शहराला कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, तीन टप्प्यांत उपसून येतं. त्या महिन्यात पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लागला. टँक ठेवावा का, असा प्रश्न मनात आला. मग हिशेब केला. आठवड्याला पाव टँक, म्हणजे एक बादली. बादली रात्रभर उघडी ठेवून क्लोरीन उडू द्यायचा आणि काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला. नायट्रेट झाडांना खतच. कढीपत्ता एवढा फोफावला की सौ. शेजारी वाटू लागली.

जूनमध्ये मोठा पाऊस झाला. त्या शनिवारी थोडं गार पाणी टँकमध्ये गेलं आणि सकाळी काचेवर साबुदाण्यासारखे दाणे चिकटलेले दिसले. त्यांच्या मुलखात पावसाचं गार पाणी म्हणजे विणीचा इशारा. मोठे मासे अंडी खातात, म्हणून लेकीने ती बोटाने अलगद सोडवून डब्यात ठेवली. काही बुरशीने गेली. अकरा पिल्लं जगली. त्या दिवशी ती धावत आली ती आधी माझ्याकडे.

२०२५ मध्ये पुन्हा फील्डचा हुकूम आला. कोणी म्हणालं, मासे तलावात सोडून द्या, पुण्य लागेल. ते करायचं नाही. टँकमधून बाहेर पडलेल्या सकर माशांनी कोलकात्याच्या पाणथळीत मच्छीमारांना कसं जेरीस आणलंय, ते मी वाचलं होतं. परके मासे पाण्यात सोडणं हे पुण्य नव्हे. मोठे सहा आणि पिल्लं हवालदाराच्या टँकमध्ये गेली, सोबत आमचा मळका स्पंजही. त्याचं कर्ज फिटलं.

आता सुट्टीवर घरी गेलो की पहिले चार दिवस मी कशालाही हात लावत नाही. फक्त बसतो आणि बघतो.