गुळगुळीत, सफाईदार, मुलायम

'स्मूद जॅझ' या नावातल्या 'स्मूद'ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न आम्हांला पडला तो भाषांतर करताना नव्हे, सॅक्सोफोन शिकताना. मराठीत त्यासाठी निदान तीन शब्द आहेत आणि तिघांचे स्वभाव निराळे आहेत. 'गुळगुळीत' हा समीक्षेतला निंदेचा शब्द. हातोहाती फिरून ज्याच्यावरचा छाप पुसला गेला आहे अशा नाण्याची आठवण त्यात आहे. 'सफाईदार' ही स्तुती खरी, पण ती कारागिराची. 'मुलायम' हा कापडाचा शब्द, आणि गळ्याचा. जॅझच्या जाणकारांपुढे हे तिन्ही शब्द ठेवले तर बहुतेक जण पहिलाच उचलतील. गेली काही वर्षे हे वाद्य फुंकताना आमची या तीन शब्दांमध्ये ये-जा चालू आहे.

मुळात हे नावही वादकांनी ठेवलेले नाही. ते अमेरिकेतल्या नभोवाणी केंद्रांनी रूढ केले. १९८७ साली लॉस एंजेलिस आणि शिकागो येथे या संगीताला वाहिलेली केंद्रे सुरू झाली आणि कचेरीत, मोटारीत, दंतवैद्याच्या दालनात बसून कामाच्या आड न येता ऐकता येईल असा एक प्रवाह घडत गेला. वादन त्याच्या आधीचेच होते. ग्रोव्हर वॉशिंग्टन (ज्युनियर) यांचा 'मिस्टर मॅजिक' १९७५ चा, 'वाइनलाइट' १९८० चा. केनी जी यांच्या 'साँगबर्ड'ने १९८६-८७ मध्ये या सुरावटींना घरोघरी पोहोचवले. पुढे ओहोटी लागली. न्यूयॉर्कचे केंद्र २००८ मध्ये आणि शिकागोचे २००९ मध्ये बंद पडले. बाजाराने जन्माला घातले, बाजाराने आवरते घेतले, तेव्हा त्यात जपण्यासारखे काय उरते, असा आक्षेप घेता येईल. आमच्या स्नेह्यांनी तो घेतलाच. "शिकायचेच होते तर कोल्ट्रेन शिका, हे लिफ्टमधले संगीत कशाला?" असे आमच्या विभागातले एक सहकारी म्हणाले.

हा आक्षेप मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून तंत्राची बाजू मांडली आणि पुढे त्यांच्याच गद्याला 'गुळगुळीत' हे विशेषण कायमचे चिकटले. नवसाहित्याने खडबडीतपणाला प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र दिले. त्या खडबडीतपणाची गरज होती यात वाद नाही. पण त्यातून आपल्या वर्गांमध्ये एक सोयीचे समीकरण रुजले: जे सहज वाचले जाते ते सहजच लिहिले गेले असणार. वाद्य हातात घेतले की या समीकरणाची परीक्षा फार लवकर होते.

आम्ही वाद्याकडे वळलो तो मात्र सौंदर्यशास्त्राच्या ओढीने नाही. २०२१ च्या आजारपणानंतर आमचा श्वास तोकडा झाला होता. तीन रंगीत गोळ्यांचे ते प्लास्टिकचे यंत्र अनेक घरांत आले तसे आमच्याकडेही आले. तिसरी गोळी काही केल्या वर जाईना. वर्गात जी. ए. कुलकर्णींचे लांब वाक्य वाचायला घेतले की अर्ध्यात थांबावे लागे. मुले अदबीने वहीत पाहत. वाक्य जिथे लेखकाने तोडलेले नाही तिथे ते तोडणे, ही साहित्याच्या शिक्षकाला लहान गोष्ट नव्हे. त्याच सुमारास आमच्या वाचनात आले की डेव्हिड सॅनबर्न यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि फुप्फुसे बळकट व्हावीत म्हणून त्यांच्या हाती सॅक्सोफोन दिला गेला. ते २०२४ मध्ये वारले. ज्या आल्टो सॅक्सोफोनच्या स्वराची पुढे असंख्य वादकांनी नक्कल केली, त्याची सुरुवात एका आजारी मुलाच्या श्वासाच्या व्यायामातून झाली होती. आम्हांला एवढे निमित्त पुरे झाले.

आमचे गुरू मूळचे गोव्याचे, आता मुंबईत स्थायिक. त्यांच्या आधीच्या पिढ्या चर्चच्या शाळांमध्ये स्वरलेखन वाचायला शिकल्या आणि त्या शिक्षणावर मुंबईच्या हॉटेलांतले आणि चित्रपटांचे वाद्यवृंद उभे राहिले. सरांनी पहिले तीन महिने धून म्हणून दिली नाही. एकच स्वर, हळू सुरू करून वाढवत न्यायचा, पुन्हा हळू करत विझवायचा. "प्रोफेसर, भिंतीला रंग देताना ब्रश मध्येच उचलत नाहीत," एवढेच त्यांचे भाष्य.

वाद्याची ओळख इथेच होते. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसला याचे पेटंट घेतले. अंग सारे पितळेचे, तरी गणना लाकडी सुषिर वाद्यांत. कारण आवाज निघतो तो वेताच्या पातळ पट्टीतून. ही रीड आधी तोंडात धरून ओली करायची, मुखनळीवर बसवायची, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित दुमडून तिच्याखाली टेकू द्यायचा, वरचे दात मुखनळीवर ठेवायचे. ओठ आवळला तर स्वर चिरकतो, सैल सोडला तर ओघळतो. या दोहोंमधली जागा कोणी दाखवू शकत नाही, ती ओठालाच सापडावी लागते.

मग एक पायरी येते, जिच्यापाशी 'स्मूद' या शब्दाचा खरा अर्थ आम्हांला उमगला. मधल्या सप्तकातला 'सी' एका बोटाने वाजतो. त्याच्या पुढचा 'सी शार्प' सगळी बोटे उचलून, जवळजवळ मोकळ्या नळीतून. लगेच पुढच्या 'डी'साठी सहाही बोटे एकदम खाली यावी लागतात आणि अंगठ्याने सप्तकाची कळही दाबावी लागते. एका क्षणी नळी सर्वांत आखूड, दुसऱ्या क्षणी जवळजवळ पूर्ण लांबीची. पहिला स्वर विरळ, दुसरा भरदार. एखादे बोट केसभर मागे राहिले की मध्ये एक भलताच स्वर डोकावतो. ऐकणाऱ्याला हे दोन शेजारचे स्वर वाटतात, वाजवणाऱ्याला मात्र तिथे दरी असते. ही दरी आहे हे श्रोत्याला कधीही कळू न देणे, यासाठी आम्ही दररोज पंधरा मिनिटे, जवळपास पाच महिने घालवली. ही सफाई. 'केवळ कारागिरी' म्हणताना त्यातला 'केवळ' कुठून येतो, हे तेव्हापासून आम्हांला नीटसे सांगता येत नाही.

सफाई मात्र पुरत नाही. स्वर थेट न पकडता किंचित खालून उचलून घेणे, शेवटाला हनुवटीच्या हलक्या हालचालीने कंप देणे, खर्जातले स्वर श्वासमिश्रित, दबक्या आवाजात घेणे, ही या शैलीची अलंकारसामग्री. मींड आणि कण यांची सवय असलेल्या कानाला ती परकी वाटत नाही. 'काश्मीर की कली' (१९६४) मध्ये मनोहारी सिंग यांनी वाजवलेला सॅक्सोफोन ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. धोका असा की अलंकार फार लवकर हाताशी येतात. प्रत्येक स्वर खालून उचलला की उचलण्याला अर्थ राहत नाही. वहीभर उपमा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला जे सांगतो, तेच सर आम्हांला सांगत: "तीन ठिकाणी करा. बाकी सरळ."

दुसरा धोका अधिक खोल आहे. ही शैली शिकणारे बहुतेक जण ध्वनिमुद्रित साथीवर सराव करतात. ढोलताशासारखी अंगावर न येणारी संथ लय, विजेचा पियानो, बास. सारे जागच्या जागी. वर्षभर आम्हीही तेच केले. २००० साली गिटारवादक पॅट मेथिनी यांनी केनी जी यांच्यावर जी टीका केली, तिचे मर्म आम्हांला इथे जाणवते. केनी जी यांनी १९९९ मध्ये दिवंगत लुई आर्मस्ट्राँग यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर आपले वादन चढवले होते. त्यात सूर बेसूर असण्याचा मुद्दा गौण आहे. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्याशी संवाद केल्याचा तो आभास होता. आणि संवाद हा तर जॅझचा प्राण.

एका संध्याकाळी सरांनी ती साथ बंद केली आणि स्वतः कीबोर्डवर बसले. तीच धून, तीच लय. पण त्यांचा डावा हात कधी किंचित उशिरा येई, कधी एखादी स्वरसंगती अर्धीच ठेवून थांबे. आमची घोटलेली वाक्ये त्यांत बसेनात. तिसऱ्या आवर्तनाला आम्ही एक स्वर नुसता धरून ठेवला आणि ते काय करतात ते ऐकत राहिलो. त्यांनी खालची संगती बदलली. आमचा स्वर तोच होता, पण त्याचा अर्थ बदलला. तो स्वर आम्ही हळूहळू विझवला. त्याला मुलायम म्हणता येईल असे आम्हांला वाटते. सफाई त्यात होतीच, शिवाय समोरच्याला जागा दिलेली होती. गुळगुळीत वादनात नेमकी ही जागा नसते. तिथे कोणी आले काय, न आले काय, सारे आधीच ठरलेले असते.

तेव्हा सोपे आणि अवघड, लोकप्रिय आणि अभिजात ही वाटणी आम्हांला आता फारशी उपयोगाची वाटत नाही. एखाद्या ओघवत्या गद्यासमोर बसताना आम्ही विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारायला सांगतो: इथे कोणती दरी झाकली गेली आहे, आणि वाचकाला उत्तर द्यायला जागा ठेवली आहे का? फडके वाचतानाही हेच प्रश्न, नवकथा वाचतानाही हेच. उत्तरे दर वेळी अपेक्षेप्रमाणे येत नाहीत, आणि तास त्यामुळे बरे होतात.

राहिला श्वास. तो पूर्वीइतका झालेला नाही, होईल असेही नाही. पण वाक्याच्या लांबीचा अंदाज घेऊन तो आधीच साठवून ठेवायचा, पहिल्या शब्दांवर उधळायचा नाही, हे आता जमते. परवा जी. एं.चे एक सात ओळींचे वाक्य आम्ही न तोडता वाचले. वर्गात कोणाच्या ते लक्षात आले नाही.