जादा आकार

तंजावूरच्या राजवाड्यात, सरस्वती महाल ग्रंथालयाच्या पायरीवर बसलो असताना मुलीचा फोन आला. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला उग्र वास येत होता. बॅटरी भरल्यावरही चार्जर थांबला नव्हता. जादा वीज आतल्या पाण्याचे विघटन करून हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर टाकीत होती. मेन स्विच बंद कर, खिडक्या उघड, देवापाशी काडी ओढू नकोस, एवढे सांगितले.

आपल्या प्रशासकीय मराठीत 'चार्ज' या एका शब्दाला आकार, भार, कार्यभार आणि दोषारोप अशी चार तोंडे आहेत. नोकरीत चारही पाहिली. पण जादा आकारणीचे एक फार मोठे प्रकरण याच वास्तूचे आहे, हे त्या फोननंतर ध्यानात आले.

1799च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांना वार्षिक एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळायचा होता. आम्हां महसुली माणसांची नजर 'निव्वळ'वर अडखळते. खर्च किती वजा घालायचा हे ज्याच्या हाती दप्तर, तोच ठरवणार. तरी तो करार होता. 1855मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले, कंपनीने गादी खालसा केली, आणि पुढच्या वर्षी त्यांची खासगी मालमत्ताही जप्त केली. राज्याच्या खात्यात घरचे दागिने! थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या. 1859मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला: जप्ती ही राज्यकृती आहे, न्यायालयाला तीत हात घालता येत नाही. 1862मध्ये मालमत्ता परत मिळाली, पण हक्क म्हणून नव्हे, सरकारच्या मर्जीने.

मर्जीचा हा प्रकार मला परका नाही. तालुक्याला असताना एका विधवेची पाणीपट्टी दोनदा वसूल झालेली माझ्या लक्षात आली. रक्कम 84 रुपये. परताव्यासाठी लेखाशीर्ष शोधणे, मंजुरी मागणे, पावत्या जोडणे, हे सारे टाळून मी 'पुढील बिलात समायोजित करावे' असा शेरा मारला आणि फाईल खाली पाठवली. ती बाई दोनदा येऊन बाकावर बसून गेली. काही बोलली नाही, मीही विचारले नाही.

पुढचे बिल निघाले ते तिच्या मुलाच्या नावाने. त्यात ते 84 रुपये वळते केलेले नव्हते.